मदत हवी आहे: मानवी पेशीत आरएनए पॉलिमरेज शेवटी थांबतं कसं?

नमस्कार मंडळी,
ट्रान्सक्रिप्शनच्या, म्हणजे डीएनएवरून आरएनए बनवण्याच्या क्रियेच्या, शेवटाबद्दल अडलोय. सुरुवात समजते: आरएनए जोडणारं एन्झाइम, म्हणजे पॉलिमरेज, प्रमोटरवर (डीएनएवरच्या सुरुवातीच्या खुणेवर) बसतं, डीएनएचे दोन धागे थोडे उलगडतं आणि त्यातला एक वाचत आरएनए जोडत जातं, टी-च्या जागी यू घालून (ए, टी, जी, सी, यू ही डीएनए-आरएनएमधल्या बेसची, म्हणजे अक्षरांची, नावं). जीवाणूंमधला एक शेवटही पटतो. नव्या आरएनएचा जी-सी भरपूर असलेला भाग स्वतःवरच दुमडतो, त्याच्यामागे ओळीने यू येतात, आणि यू-ए जोड्या कमकुवत असल्यामुळे आरएनए सुटतो. फार देखणी रचना आहे ही!

मानवी पेशीत मात्र कोडं पडतं. आरएनएमध्ये एएयूएएए हा संकेत आला की त्याच्यापुढे साधारण १० ते ३० न्यूक्लिओटाइडांवर (अक्षरांवर) आरएनए कापला जातो आणि त्याला पॉली-ए शेपूट, म्हणजे ए-ची लांब ओळ, लागतं. म्हणजे संदेश तयार झाला. तरीही पॉलिमरेज पुढे धावतच राहतं, कधी हजारो बेसपर्यंत. कापल्यानंतर पॉलिमरेजच्या मागे लोंबणाऱ्या उरलेल्या आरएनएच्या ५′ टोकाला (आधी तयार झालेल्या टोकाला) संरक्षक टोपी नसते, म्हणून एक्सआरएन२ हे एन्झाइम त्याला कुरतडत पॉलिमरेजचा पाठलाग करतं. हे 'टॉर्पिडो' प्रारूप. दुसऱ्या प्रारूपानुसार संकेत ओलांडल्यावर पॉलिमरेजमध्येच बदल होतो आणि त्याची डीएनएवरची पकड सैल होते.

ही दोन्ही एकत्र चालतात का? आणि मुख्य म्हणजे, एक्सआरएन२ने गाठल्यावर पॉलिमरेज डीएनएवरून सुटतं ते नेमकं कशाने: ढकलल्यामुळे, की आतला आरएनए ओढला गेल्यामुळे? रेणूंच्या पातळीवर कुणी टप्प्याटप्प्याने समजावून सांगेल का? एखादी हाताने काढलेली आकृती मिळाली तर फारच उत्तम.