‘इक्लेझिॲस्टिकल साइड’ला मराठीत काय म्हणायचं?

गिरगावकर:
जुन्या मुंबईतल्या पारशी घराण्यांवरचा एक लेख मराठीत आणतोय. त्यात एका नवरा-बायकोचा दावा मुंबईच्या सुप्रीम कोर्टाच्या ‘इक्लेझिॲस्टिकल साइड’वर चालला, असं आहे. पारशी जोडपं चर्चच्या कोर्टात कशाला जाईल? ‘धर्मन्यायालयाची बाजू’ असं लिहून ठेवलंय, पण पटत नाही.

फोर्टातला वकील:
न पटणंच बरोबर. ते चर्चचं कोर्ट नव्हतंच. इंग्लंडात १८५७ च्या कायद्यांपर्यंत जमीनजुमला आणि देणीघेणी राजाच्या कोर्टांकडे, पण लग्नाचे तंटे आणि मृत्युपत्रं बिशपांच्या न्यायालयांकडे असत. मुंबईत सुप्रीम कोर्ट १८२३ च्या सनदेने आलं, तेव्हा बिशपांकडचं ते काम याच कोर्टाच्या एका शाखेला दिलं. न्यायाधीश सरकारीच, लावायचा कायदा मात्र इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टांतला.

तुमचा दावा बहुधा अर्देशीर कर्सेटजी विरुद्ध पेरोजबाई हा असणार. नवऱ्याने नांदवावं म्हणून बायको कोर्टात गेली. मुंबईच्या कोर्टाने आपल्याला अधिकार आहे असं धरलं, आणि १८५६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनच्या तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टाने, ते फिरवलं: ख्रिस्ती लग्नासाठी घडलेला कायदा पारशांना लावता येणार नाही. पुढे १८६५ मध्ये पारशांचा स्वतःचा विवाह कायदा आला, त्यामागे हा निकालही होता.

आणि ‘साइड’ची ‘बाजू’ करू नका. हायकोर्टात आम्ही आजही ओरिजिनल साइड, अपेलेट साइड म्हणतो. मराठीत ‘शाखा’. ‘चर्च-कायद्याची शाखा’ लिहा, वाचणाऱ्याला कळेल.

गोराईकरीण:
‘धर्मन्यायालय’ला माझाही विरोध, कारण वेगळं. हा शब्द वाचला की मराठी माणसाला गोव्याचं इन्क्विझिशन आठवतं, १५६० ते १८१२ (मध्ये चार वर्षं बंद होतं). आमच्या कॅथलिक धर्मप्रांताचं (म्हणजे एका बिशपच्या हद्दीचं) जे ट्रायब्युनल आहे तिथे कुणाला पाखंडी ठरवायला नेत नाहीत. लोक जातात ते बहुतेक लग्नासाठी. घरी आम्ही सरळ ‘ट्रायब्युनलला केस टाकलीय’ म्हणतो.

तिथे घटस्फोट मिळत नाही, हे मात्र नातेवाइकांना दहादा सांगावं लागतं. प्रश्न एकच असतो: वेदीसमोर ‘हो’ म्हटलं तेव्हा ते खरं होतं का? दबाव होता का, काही मोठं लपवलं होतं का, लग्न म्हणजे काय हे पेलायची मनाची कुवत होती का. नंतर सासूशी पटलं नाही, हे कारण चालत नाही. साक्षीदारांना एकेकटं बोलावून जबान्या लिहून घेतात. साधारणपणे तीन न्यायाधीश बसतात, आणि लग्न वैधच आहे या बाजूने बोलायला एक अधिकारी नेमलेला असतो. ही नेमणूक पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४१ मध्ये सक्तीची केली. दोघांनाही लग्न मोडायचंय, पण लग्नाची बाजू घेणारं कुणीतरी हवंच! मी त्याला ‘बंधरक्षक’ म्हणते, कोशात नसेल. पूर्वी दोन ट्रायब्युनलांचे एकसारखे निकाल हवे असत, पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ती अट काढली.

गिरगावकर:
म्हणजे निकाल लागला की मोकळे?

फोर्टातला वकील:
चर्चपुरते. दिल्लीच्या सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये मॉली जोसेफ खटल्यात स्पष्ट केलं की चर्चच्या निकालाने कायद्यातलं लग्न रद्द होत नाही. मुंबईकराला वांद्र्याच्या फॅमिली कोर्टाची पायरी चढावीच लागते. त्याआधी दुसरं लग्न केलं तर अडचणीत.

गिरगावकर:
लेखात ‘कौन्सिल’ आणि ‘सिनड’ही आहेत. दोन्हीला ‘धर्मपरिषद’?

गोराईकरीण:
कौन्सिलला चालेल. कौन्सिल नियम करते, ट्रायब्युनल ते लावतं. धर्मगुरू आणि दोन साक्षीदारांशिवाय लग्न वैध नाही, हा नियम कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेचा, १५६३ चा. चारच वर्षांनी गोव्यात प्रांतिक परिषद भरली, ट्रेंटचे ठराव इकडे लागू करायला. सिनडचं तसं नाही. बिशपांचं रोमचं सिनड पोप सहावे पॉल यांनी १९६५ मध्ये सुरू केलं. ते पोपना सल्ला देतं. पोपनी अधिकार दिला तरच निर्णय.

भायखळ्याचा पाळकपुत्र:
हे तुमच्या कॅथलिकांत. आमच्या प्रॉटेस्टंट चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, म्हणजे १९७० पासून, सिनड हीच सर्वोच्च सभा. बिशप आणि पाळकांबरोबर मंडळीतले साधे सभासदही त्यात बसतात आणि मतं देतात. ‘सल्लागार सभा’ लिहिलंत तर आमचे वडीलधारे पत्र धाडतील. तेव्हा सिनड तसंच ठेवा आणि कुठल्या चर्चचं ते आधी लिहा.

गिरगावकर:
वाक्य असं केलंय: ‘पेरोजबाईंनी मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाच्या चर्च-कायदा शाखेत नांदवण्याचा दावा लावला.’

फोर्टातला वकील:
उत्तम. फक्त ‘सर्वोच्च न्यायालय’ काढा, लोकांना दिल्लीचं वाटेल. ‘मुंबईचं तेव्हाचं सुप्रीम कोर्ट’ ठेवा आणि कंसात १८२३–१८६२ टाका.