नातेवाईक उगाच घाबरत नाहीत

काही जण म्हणतात की पेशंटचे नातेवाईक उगाच घाबरून डॉक्टरांना हैराण करतात, मला नाही पटत. इंग्लंडमधली मार्था मिल्स, १३ वर्षांची पोर, सायकलवरून पडून स्वादुपिंडाला मार लागला, मग सेप्सिस झालं, म्हणजे संसर्गामुळे शरीराचे अवयवच बिघडू लागले, आईबाप काळजीने सांगत होते तरी वेळेत आयसीयूत हलवलं नाही आणि २०२१ मध्ये ती गेली. हलवलं असतं तर बहुधा वाचली असती असं नंतर चौकशीत निघालं, वाचून पोटात कालवलं हो.

२०२४ पासून तिथे मार्थाज रूल, म्हणजे तिच्याच नावाचा नियम, आलाय, घरच्यांना वाटलं तर ते दिवसरात्र कधीही दुसऱ्या टीमकडून तपासणी मागू शकतात, शिवाय पेशंट कसा वाटतोय हे घरच्यांना रोज विचारायचं. मला हे रोज विचारणंच जास्त मोलाचं वाटतं, कारण 'आज ही नेहमीसारखी बोलत नाहीये' हे घरच्यांना आधी कळतं.