मदत हवी आहे: जर्मनीत व्हायोलिन शिकण्यासाठी शिष्यवृत्ती

नमस्कार मंडळी. माझी मुलगी नऊ वर्षांची असल्यापासून पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन वाजवते. यंदा संगीतातली पदवी पूर्ण होईल. पुढे जर्मनीत मास्टर्स करायचं आहे आणि तिची जिद्द बघून मलाही मागे हटायचं नाही.

तिथल्या सरकारी संगीत विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी शुल्क नाही. श्टुटगार्ट, फ्रायबुर्ग असलेल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात. खरा भार राहण्या-खाण्याचा. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधीच खात्यात दाखवायचे, ते आमच्या आवाक्याबाहेर आहे.

डीएएडी या परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणाऱ्या जर्मन संस्थेची संगीताच्या पदवीधरांसाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे. ती कुणाला मिळाली आहे का? अर्जासोबतचं वादनाचं रेकॉर्डिंग सभागृहात केलंत की स्टुडिओत? पियानोची साथ कुणाची घेतलीत? आणि प्रवेश परीक्षेआधी तिथल्या प्राध्यापकांकडे एखादा धडा घेतात म्हणे, त्यासाठी पत्र कसं लिहावं?

जे. एन. टाटा एन्डाउमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती वादनासाठी घेतलेलं कुणी असेल तर जरूर सांगा. एका सल्लागाराने ‘संगीताला कोण पैसे देतं’ म्हणून वाटेला लावलं. लेक दोन दिवस गप्प होती.