समितीच्या शाळा ओस पडतात, आणि खोट म्हणे पालकांत!

रावपुऱ्याची सून
काल इथे वाडीकरांनी लिहिलं की आपल्या बडोद्याच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या, म्हणजे महापालिकेच्या, शाळांत पुस्तकं फुकट, जेवण फुकट, फी नाही, तरी लोक कर्ज काढून खासगीत जातात, म्हणजे खोट पालकांच्या डोक्यात. वाचून संताप आला, म्हणून सविस्तर लिहिते.

फुकट मिळतं, कबूल. पण शिकवायला माणसं किती? शिक्षण हक्क कायद्याचा तक्ता काढा: पहिली ते पाचवीत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक. वर्ग पाच, बाई दोन! माझ्या भाचीच्या शाळेत पाहिलंय. बाई पहिलीच्या पोरांकडून बाराखडी घोटून घेतायत, आणि त्याच खोलीत तिसरीची पोरं भिंतीकडे तोंड करून सातचा पाढा उतरवतायत. चुकलं तर बघायला कुणी नाही. त्यातल्या एकीला मतदारयादीचं काम लागलं की संपलंच. पट कमी म्हणून शिक्षक कमी, शिक्षक कमी म्हणून पट आणखी कमी. आई-बापांनी काय करावं?

वाडीकर
ताई, मी समितीच्याच शाळेत शिकलो, म्हणून जीव तुटतो. सयाजीरावांनी 1893 साली अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं, 1906 साली सगळ्या राज्यात नेलं. मूल शाळेत न धाडणाऱ्याला दंड व्हायचा. त्या महाराजांच्या बडोद्यात आज शिकलेली घरंच आधी शाळा सोडून गेली. जाब विचारणारे पालक गेल्यावर राहिलेल्यांचं कोण ऐकतंय? पालक दोषी, हे मी मागे घेणार नाही.

मकरपुरा जुना
महाराजांचं नाव घेताय तर मराठी माध्यमाबद्दलही बोला. पुस्तकं गांधीनगरहून मराठीत छापून येतात, पण वर्गात मुलंच नाहीत. आपल्या दांडिया बाजारातले लोक गणपतीत मराठी नाटक बसवतात आणि जूनमध्ये नातवाला इंग्रजी माध्यमात घालतात. लाज वाटत नाही?

गोरव्याची आई
काका, लाज कसली? आठवीनंतर मराठीत पुढे कुठे जायचं ते सांगा. माझ्या धाकट्या दिराला नववीत गुजरातीत बसवला. गणित यायचं, प्रश्न वाचता यायचा नाही. दोन वर्षं तो वर्गात तोंड उघडत नव्हता.

मकरपुरा जुना
म्हणून शाळाच मरू द्यायची? 2023 च्या कायद्याने पहिली ते आठवी सगळ्याच माध्यमांत गुजराती सक्तीचं आहे. तुमच्या दिराची अडचण तेवढ्याने सुटली असती.

गोरव्याची आई
एका विषयाने सुटत नाही. आणि तुमची मुलं कुठल्या माध्यमात शिकली ते लिहा की.

मकरपुरा जुना
इंग्रजीत. नोकरी बदलीची होती. आता घरच्यांवर येऊ नका.

गोरव्याची आई
सुरुवात तुम्ही केलीत. आमच्या नातवांपर्यंत तुम्हीच आलात.

निवृत्त बाई
भांडण मराठीवर गेलं, मूळ दुखणं राहिलं. माध्यम कोणतंही असो, कायमची भरती होत नाही तोवर शाळा उभी राहणार नाही. 2023 पासून ज्ञानसहायक नावाचे शिक्षक घेतात, 11 महिन्यांच्या करारावर, प्राथमिकला महिना 21,000 रुपये. माझ्या हाताखाली आलेल्या मुली जीव तोडून शिकवायच्या. पण पोरांची नावं पाठ होईतो त्यांचा करार संपत यायचा. पहिलीतलं मूल बाईवर विसंबून शिकतं हो. दरवर्षी नवी बाई आली की ते गप्प होतं.

वाडीकर
बाई, शिक्षकांचं मान्य. रावपुऱ्याच्या ताईंचा हिशेबही बरोबर आहे, नाइलाजाने का होईना म्हणतो. पण त्याच शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे, तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बायका. शिक्षकाची जागा रिकामी आहे असा ठराव किती ठिकाणी लेखी झाला?

रावपुऱ्याची सून
आमच्या वहिनी आहेत त्या समितीत. कोऱ्या पानावर सही घेतली, सभा झालीच नाही. पुढच्या वेळी सही करायची नाही असं त्यांना आजच सांगते. तुमची पोस्ट मात्र मला अजून पटलेली नाही.