स्टेज-साउंडचा सगळा खर्च एकच जण उचलतोय. घ्यावा का? (ठाणे, जानेवारी, दोन दिवस)

उपवनकर: स्वयंसेवकांचा संगीत-कला महोत्सव आहे. प्रवेश मोफत, बजेट चार लाख. एका स्थानिक नेत्याचा निरोप आलाय: स्टेज, साउंड, लाइट माझ्याकडून, बॅकड्रॉपवर फोटो लावा आणि मी सुचवीन ते दोन ग्रुप घ्या. दुसरी अडचण म्हणजे आलेले अर्ज जवळपास सगळे सुगम संगीत आणि बँडचे. येऊरचे वारली, कोळीवाड्यातले, आंबेडकरी जलशावाले कुणीच नाहीत. काय करावं?

जमाखर्च: फोटोपेक्षा साउंड त्यांच्याकडून येणं जास्त महागात पडेल. साउंडवाला ज्याच्याकडून पैसे घेतो त्याचंच ऐकतो. ऐन कार्यक्रमात भाषणासाठी माइक मागितला गेला तर तुम्ही थांबवू शकणार नाही. त्यांना पैसे द्यायचेच असतील तर संस्थेच्या खात्यात द्यावेत, ऑर्डर तुमच्या नावाने निघावी. एका देणगीदाराकडून बजेटच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त नको, म्हणजे तुमच्याकडे एक लाख. लोगो गेटवर आणि पत्रकावर, रंगमंचावर नाही. हे नियम पैसे मागायच्या आधी लिहून ठेवा. नंतर केलेला नियम समोरच्याला आपल्याविरुद्धच वाटतो. ५०० रुपयांच्या २०० पावत्या फाडल्या की आणखी एक लाख उभा राहतो. मात्र संस्था नोंदणीकृत नसेल तर गणेश मंडळं घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची ४१-क ची (वर्गणी गोळा करायची) परवानगी आधी घ्या.

ढोलकी_कळवा: अर्ज इंग्रजी गूगल फॉर्मवर मागवलेत ना? मग असेच येणार. व्हॉट्सअॅपवर दोन मिनिटांचा ऑडिओ चालेल असं मराठीत कळवा आणि पाड्यावर, कोळीवाड्यात माणूस पाठवा. निवड समिती सात जणांची, पैसे गोळा करणारा त्यात नको. स्वतःचा शिष्य किंवा ग्रुप चर्चेला आला की त्या सदस्याने उठून बाहेर जायचं. दरवर्षी दोघे बदला.

तारीख बघून ठरवा. भातकापणीत पाड्यावरची मंडळी मोकळी नसतात, लग्नतिथीच्या रविवारी बेंजो पार्टी मिळत नाही. तारपा (वारलींचं फुंकून वाजवायचं वाद्य) नाच स्टेजवर कोंबू नका. वादकाभोवती फेर धरून नाचतात, त्याला मोकळी जमीन लागते. वादक फिरतो म्हणून स्टँडचा माइक कुचकामी, कॉलर माइक लावा. आणि 'लोककला' म्हणून दुपारी चारच्या उन्हात दहा मिनिटं देणार असाल तर बोलावूच नका.

साउंड_ऐरोली: रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, मैदानाच्या हद्दीवर त्याच्या वर १०, म्हणजे ६५. स्पीकरचे दोन मोठे टॉवर लावले की मागच्या इमारतीतून पहिल्याच तासाला तक्रार. सहा-आठ छोटे स्पीकर आतल्या बाजूला तोंड करून लावा. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्या १०० मीटरच्या आत जागा घेऊच नका. रात्री दहाला बंद म्हणजे शेवटचा ग्रुप साडेनऊला उतरला पाहिजे. एकांकिका असेल तर संहितेला परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकाच्या संहिता तपासणारं सरकारी मंडळ) प्रमाणपत्र लागतं, ते आधी उरका.

उपवनकर: मानधन सगळ्यांना सारखं द्यावं का?

ढोलकी_कळवा: माणशी सारखं. ग्रुपला सारखं दिलंत तर बारा जणांचा तारपा आणि दोघांचं गिटार एकाच पाकिटात बसतं. गाडीभाडं वेगळं, आणि पैसे त्याच संध्याकाळी हातात.