मदत हवी आहे: प्रवास आणि पक्षी, दोन्हीला चालेल असा हलका कॅमेरा किट

मंडळी, जरा डोकं चालवा माझ्यासाठी. इतकी वर्षं डीएसएलआर आणि ती भलीमोठी टेलिफोटो (लांबचं जवळ दाखवणारी लेन्स) गळ्यात घालून फिरलो, आता मान आणि बायको दोघीही तक्रार करतात. मागच्या ट्रिपला तर लेन्स बॅगेतच राहिली आणि समोरच्या फांदीवर खंड्या चोचीत मासा धरून आरामात आपटत बसला होता, मी मोबाईलने काढला, एक निळा ठिपका आलाय फक्त.

दोन पर्याय डोक्यात आहेत. एक म्हणजे सोनी आरएक्स१० मार्क ४, २४-६०० एमएम (आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) एकाच लेन्समध्ये, सेन्सर (फोटो टिपणारी चिप) १ इंची, लेन्स बदलायची कटकट नाही, पण वजन किलोच्या वरच जातं, मग हलकं काय झालं? दुसरा मायक्रो फोर थर्ड्स (फुल फ्रेमपेक्षा छोट्या सेन्सरचे, लेन्स बदलता येणारे कॅमेरे), छोटी बॉडी, रोजच्याला १२-४० एमएम लेन्स आणि पक्ष्यांसाठी ७५-३००, म्हणजे फुल फ्रेमच्या (३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशोबात दुप्पट, ६०० पर्यंत पोचतो आणि ती लेन्स अर्ध्या किलोच्याही आत. पण टोकाला एफ ६.७, म्हणजे लेन्स उजेड कमी आत घेते, पहाटे झाडीत आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) किती चढवावा लागेल कोण जाणे. स्टॅबिलायझेशनने माझा हात स्थिर होईल हो, पक्षी थोडाच स्थिर बसणार!

निकॉन पी९५० चा २००० एमएम झूम बघून मोह होतो खरा, पण सेन्सर फारच बारका वाटतो.

७५-३०० कोणी वापरलीये का? ३०० ला शार्प येतं की थोडं मागे यावं लागतं? उडत्या पक्ष्यावर फोकस टिकतो का? जमल्यास कमी उजेडातले, एडिट न केलेले फोटो टाका प्लीज.