मदत हवी आहे: गुन्हा कबूल केल्यावर शिक्षेविरुद्ध काही करता येतं का? (ठाणे/नवी मुंबई)

नमस्कार मंडळी, प्रश्न माझ्या धाकट्या भावाचा आहे, आम्ही ऐरोलीला राहतो. २०२३ मध्ये त्याच्या बाईकचा धक्का लागून एक काका पडले, हाताला खरचटलं, आयपीसी २७९ आणि ३३७ ची (निष्काळजीपणे गाडी चालवणं आणि त्यातून दुखापत) केस झाली. तारखा चालूच होत्या, तर यावेळी कोर्टाबाहेर कुणीतरी सांगितलं की कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो, आणि याने तेच केलं. दंड एक हजाराच्या आसपास, पण ते कन्व्हिक्शन (गुन्हा सिद्ध होऊन शिक्षा) धरलं जातं हे त्याला कुणी सांगितलंच नाही हो, त्याला वाटलं ट्रॅफिकच्या चलानसारखं असतं. आता नवीन विमानतळावर ग्राऊंड स्टाफचं काम मिळतंय तर फॉर्ममध्ये पहिलाच प्रश्न, कधी शिक्षा झाली आहे का.

मी सर्टिफाइड कॉपी काढली, रोजनामा (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद) पण घेतला. कबुलीचा कागद छापील आहे, "गुन्हा कबूल आहे का" च्या पुढे पेनाने "होय" आणि खाली त्याची सही, बस. भाऊ म्हणतो मी मॅजिस्ट्रेट साहेबांना सांगितलं होतं की गाडी हळू होती, काका दुभाजकावरून एकदम उतरले. हे त्यात कुठेच नाही. कबुली जमेल तेवढी आरोपीच्याच शब्दांत लिहायची असते ना (सीआरपीसी म्हणजे जुना फौजदारी प्रक्रियेचा कायदा, त्याचं कलम २५२, आता नव्या बीएनएसएसचं २७५)? आणि गाडी हळू होती म्हणणं ही कबुली कशी काय?

सीआरपीसीचं कलम ३७५ (आता बीएनएसएस ४१६) वाचलं, कबुलीवर शिक्षा झाली असेल तर अपील फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का एवढ्यावरच. अपिलाचे ३० दिवस उलटलेत, रिव्हिजनचे (वरच्या कोर्टाकडून खालच्या कोर्टाचा आदेश तपासून घेणं) ९० अजून व्हायचेत.

तर ठाणे सेशन्सला अशा कबुलीविरुद्ध रिव्हिजन कुणी केलीय का, केस परत चालवायला पाठवतात का? दुसरं, प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स अ‍ॅक्टच्या कलम ११ प्रमाणे वरचं कोर्टही दंडाऐवजी प्रोबेशन (शिक्षा न देता चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडणं) देऊ शकतं आणि मग कलम १२ मुळे त्या शिक्षेची अपात्रता लागत नाही असं दिसतंय, पण दंड भरून झाल्यावरही ते मागता येतं का? आणि तोपर्यंत फॉर्मवर काय लिहायचं, खोटं तर लिहायचं नाहीच आहे, नुसतं "हो" लिहून ऑर्डरची कॉपी जोडली तर चालेल का?

फौजदारी रिव्हिजन करणारे ठाण्यातले वकील माहीत असतील तर प्लीज व्यनि करा, फॉर्मची मुदत याच महिन्यात संपतेय.